इंग्लंडमध्ये नवीन आलात? लहान मुलासाठी स्टेट स्कूल की प्रेप, हे कसं ठरवायचं

पुण्या-मुंबईहून इंग्लंडला येणाऱ्या घरांमध्ये व्हिसा आणि भाड्याचं घर झालं की लगेच पुढचा प्रश्न येतो तो शाळेचा. आणि त्यात आपण येताना डोक्यात एक हिशोब घेऊनच येतो, की सरकारी शाळा म्हणजे जिथे नाईलाजाने घालतात आणि चांगली शाळा म्हणजे फी भरून मिळते ती. हा हिशोब इथे विमानतळावरच सोडून द्या, प्लीज. इथे डॉक्टर, इंजिनियर, बँकेत मोठ्या पोस्टवर असलेले लोक, सगळ्यांचीच मुलं बहुतेक करून स्टेट म्हणजे सरकारी शाळेत असतात, खासगी शाळांत जाणारी मुलं इंग्लंडभरात जेमतेम ६-७ टक्के आहेत. म्हणजे स्टेट स्कूल हा इथला नॉर्मल रस्ता आहे आणि प्रेप, म्हणजे लहान मुलांची खासगी शाळा, हा एक खास कारणासाठी निवडायचा रस्ता आहे, अशा क्रमाने विचार सुरू करा.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला कळेल मी कुठून बोलतेय. नवीन आला असाल आणि मूल रिसेप्शन (इथला शाळेचा पहिला वर्ग) ते इयर २ च्या, म्हणजे साधारण चार ते सात, वयाचं असेल तर घराजवळची बरी स्टेट प्रायमरी घ्या, पैसे साठवा आणि खासगीचा विचार करायचाच असेल तर दोन-तीन वर्षांनी, मूल आणि देश दोन्ही नीट समजल्यावर करा. याला अपवाद आहेत, तेही खाली लिहिलेत. आणि हे सगळं इंग्लंडपुरतं आहे हं, स्कॉटलंड आणि वेल्सचे नियम वेगळे असतात.

स्टेप १: मुलाचा इयर ग्रुप काढा

इथे वर्ष १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट असं धरतात. मूल चार वर्षांचं पूर्ण झालं की येणाऱ्या सप्टेंबरमध्ये ते रिसेप्शनला जातं. उदाहरणार्थ १ सप्टेंबर २०२२ ते ३१ ऑगस्ट २०२३ मध्ये जन्मलेलं मूल सप्टेंबर २०२७ मध्ये रिसेप्शन सुरू करेल, आणि त्याचा फॉर्म १५ जानेवारी २०२७ च्या आत भरायचा. ढोबळ मानाने आपलं ज्युनियर केजी म्हणजे इथलं रिसेप्शन, सीनियर केजी म्हणजे इयर १. महाराष्ट्रात पहिलीला सहा पूर्ण लागतात त्यामुळे लोकांना वाटतं मूल इथे एक वर्ष "वरच्या वर्गात ढकललं" गेलंय, पण तसं काही नाहीये, इथे वयानुसारच बसवतात, परीक्षा घेऊन वरच्या-खालच्या वर्गात घालणं स्टेट स्कूलमध्ये सहसा होत नाही.

कायद्याने शाळा सक्तीची होते ती पाचव्या वाढदिवसानंतरच्या टर्मपासून. त्यामुळे चार वर्षांचं मूल फारच लहान वाटत असेल तर तोपर्यंत अर्धवेळ पाठवायचा हक्क तुम्हाला आहे. आणि १ एप्रिल ते ३१ ऑगस्ट मध्ये जन्मलेल्या मुलाला एक वर्ष उशिरा रिसेप्शनला घालायची विनंती करता येते, ती मान्य होईलच असं नाही, पण विचारायला हरकत नाही.

स्टेप २: कोणती शाळा काय असते

स्टेट म्हणजे सरकारी पैशावर चालणारी, फी शून्य. त्यात काउन्सिलच्या (म्हणजे इथल्या पालिकेच्या) शाळा, अकॅडमी, फ्री स्कूल, चर्चशी जोडलेल्या शाळा असे प्रकार येतात, पण पालक म्हणून तुम्हाला फरक पडतो तो फक्त प्रवेशाच्या नियमांत. चर्च ऑफ इंग्लंडच्या प्रायमरी भरपूर आहेत आणि त्यातल्या अनेक ठिकाणी जवळ राहणाऱ्या कुठल्याही धर्माच्या मुलाला घेतात, काही ठिकाणी मात्र नियमित चर्चला जाणाऱ्यांना आधी. हिंदू फेथ स्कूलपण आहेत, हॅरोमधली कृष्ण अवंती ही २००८ साली सुरू झालेली देशातली पहिली सरकारी पैशावरची हिंदू शाळा.

प्रेप म्हणजे प्रिपरेटरी, खासगी, फी भरून. तीन-चार ते सात वर्षांपर्यंतच्या भागाला प्री-प्रेप म्हणतात, पुढे ११ किंवा १३ वर्षांपर्यंत प्रेप. नावातच आहे तसं तिचं काम पुढच्या खासगी सेकंडरीसाठी किंवा ग्रामर स्कूलसाठी (प्रवेश परीक्षा घेणाऱ्या सरकारी सेकंडरी) तयारी करून घेणं. खासगी शाळेला नॅशनल करिक्युलम पाळायचं बंधन नाही, आणि शिक्षकाकडे सरकारी टीचिंग क्वालिफिकेशन असलंच पाहिजे असंही नाही (बहुतेकांकडे असतं, पण विचारून घ्या). आणि हो, इथे "पब्लिक स्कूल" म्हणाले की ईटन-हॅरोसारखी महागडी खासगी समजायची, गोंधळ नको.

एक शंका हमखास येते, आमच्या व्हिसावर "नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स" (सरकारी भत्ते-मदत मिळणार नाही) लिहिलंय, मग सरकारी शाळा चालेल का? चालते. सरकारी शाळेतलं शिक्षण पब्लिक फंड्समध्ये मोजत नाहीत, डिपेंडंट व्हिसावरचं मूल निर्धास्तपणे स्टेट स्कूलमध्ये जाऊ शकतं. रिसेप्शन, इयर १, इयर २ ला दुपारचं जेवणही फुकट असतं, ते त्यालाही मिळतं, आणि लंडनमध्ये सप्टेंबर २०२३ पासून स्टेट प्रायमरीच्या सगळ्याच वर्गांना. तीन-चार वर्षांच्या मुलांना नर्सरीचे आठवड्याला १५ तास सगळ्यांना फुकट मिळतात. पण नोकरी करणाऱ्या पालकांसाठीचे ३० तास मात्र दोघांपैकी कोणालाच पब्लिक फंड्सचा अ‍ॅक्सेस नसेल तर मिळत नाहीत, हे बजेट करताना लक्षात ठेवा कारण नर्सरीचं बिल इथे घरभाड्याच्या खालोखाल असतं.

स्टेप ३: पैशाचा खरा हिशोब मांडा

इथे जरा थांबून कागद-पेन घ्या. प्रेपची फी टर्मवर सांगतात आणि वर्षात तीन टर्म असतात. समजा तुम्ही बघताय त्या शाळेची फी टर्मला ६,००० पाउंड आहे (लंडनबाहेरच्या छोट्या शाळेत यापेक्षा कमी, मध्य लंडनमधल्या नावाजलेल्या ठिकाणी बरीच जास्त). १ जानेवारी २०२५ पासून खासगी शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅट लागतो, नर्सरीच्या वर्गांना सूट आहे पण रिसेप्शनपासून लागतो. म्हणजे झाले ७,२०० एका टर्मचे, २१,६०० वर्षाचे. रिसेप्शन ते इयर ६ ही सात वर्षं, फी एक पाउंडही वाढली नाही असं धरलं तरी १,५१,२०० पाउंड. आणि ती वाढतेच दरवर्षी. एका मुलाचे हे.

पुढची गोष्ट लोक विसरतात, हे पैसे टॅक्स भरून उरलेल्यातून जातात. तुमच्या पगाराचा जो भाग ४० टक्क्यांच्या बँडमध्ये पडतो त्यातून हे भरायचे असतील तर २ टक्के नॅशनल इन्शुरन्स धरून २१,६०० हातात येण्यासाठी साधारण ३७,००० पाउंड ग्रॉस कमवावे लागतात. म्हणजे बायकोने किंवा नवऱ्याने पूर्णवेळ नोकरी धरली तरी तो पगार जवळपास शाळेतच जाणार, असं बऱ्याच घरांत होतं.

मग युनिफॉर्म. स्टेट प्रायमरीत लोगोवाला एखादा स्वेटशर्ट घ्यायचा, बाकी पांढरा पोलो आणि ग्रे पँट कुठल्याही सुपरमार्केटमध्ये मिळते. प्रेपमध्ये ब्लेझर, कोट, हिवाळ्याचा वेगळा, उन्हाळ्याचा वेगळा, गेम्सचा किट वेगळा (शाळेचं सेकंडहँड दुकान असतं, तिथून घेण्यात काही कमीपणा नाही, इथले सगळे घेतात). ट्रिपा, संगीताचे वैयक्तिक क्लास, बस, काही ठिकाणी जेवण, हे फीच्या वर. रजिस्ट्रेशन फी परत मिळत नाही, सीट पक्की करायला डिपॉझिट वेगळं.

आणि नवीन आलेल्यांनी सगळ्यात नीट वाचायची ओळ म्हणजे नोटीस पिरियड. खासगी शाळा सोडायची तर साधारण पूर्ण एक टर्म आधी लेखी नोटीस द्यावी लागते, नाहीतर त्या टर्मची फी भरावी लागते. आता स्किल्ड वर्कर व्हिसावर असताना नोकरी गेली तर नवीन स्पॉन्सर शोधायला सहसा ६० दिवस मिळतात. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. घरात सहा महिन्यांचा खर्च बाजूला नसेल तर प्रेपच्या करारावर सही करू नका असं मी कळकळीने सांगेन, कारण नोकरी गेल्याचं टेन्शन आणि वर शाळेचं हजारोंचं बिल, ही वेळ कुणावर यायला नको. शिवाय व्हिसा रिन्यूअल आला की प्रत्येक मोठ्या माणसामागे वर्षाला १,०३५ आणि मुलामागे ७७६ पाउंड हेल्थ सरचार्ज एकदम आगाऊ भरायचा असतो, आणि पुढे आयएलआरची (कायम राहण्याच्या परवानगीची) फी हजारोंत. आधी हे पैसे वेगळे काढा आणि मग उरलेल्यातून फी झेपते का बघा.

बर्सरी (उत्पन्न बघून फीत मिळणारी सूट), स्कॉलरशिप असतात, पण मोठी मदत बहुतेक सेकंडरीपासून मिळते, प्री-प्रेपला फार आशा धरू नका. दुसऱ्या भावंडाला थोडी सूट काही शाळा देतात.

स्टेप ४: पत्ता आधी, शाळा नंतर

स्टेट स्कूलमध्ये फी नाही, डोनेशन नाही, मुलाखत नाही, ओळख चालत नाही. चालतो तो पत्ता. शाळेत जागांपेक्षा अर्ज जास्त आले की ठरलेल्या क्रमाने जागा देतात: ज्या मुलांच्या ईएचसी प्लॅनमध्ये (विशेष गरजा असलेल्या मुलांसाठीचा काउन्सिलचा कायदेशीर आराखडा) त्या शाळेचं नाव आहे ती, केअरमधली म्हणजे काउन्सिलच्या सांभाळात असलेली मुलं, मग बहुतेक ठिकाणी भावंडं, आणि मग घरापासून शाळेपर्यंतचं अंतर, जे बऱ्याच ठिकाणी सरळ रेषेत मोजतात. म्हणून तुमचं घर शोधणं आणि शाळा शोधणं हे एकच काम आहे. स्टेशनला जवळ म्हणून फ्लॅट घेतला आणि नंतर कळलं की दोन्ही चांगल्या शाळांच्या अंतरात आपण बसत नाही, असं फार जणांचं होतं.

करायचं काय, तर काउन्सिलच्या वेबसाइटवर मागच्या वर्षी प्रत्येक शाळेत शेवटची जागा किती अंतरापर्यंत गेली याचा आकडा दिलेला असतो, "लास्ट डिस्टन्स ऑफर्ड" असं शोधा. दोन-तीन वर्षांचे आकडे बघा कारण दरवर्षी बदलतात, एखाद्या वर्षी भावंडंच जास्त आली की अंतर एकदम आखडतं. मग नकाशा उघडा आणि त्या वर्तुळाच्या अगदी कडेवर नाही तर बऱ्यापैकी आत घर बघा. हॅरो, हाउन्स्लो, स्लाउ, रेडिंग, मिल्टन कीन्स इकडे आपली बरीच माणसं आहेत, तिथल्या मंडळींना एरिया विचारा जरूर, पण आकडे स्वतः तपासा, "ती शाळा मस्त आहे" हे पाच वर्षांपूर्वीचं मत असू शकतं.

चांगल्या शाळेजवळ भाडं जास्त असतं, हो. पण महिन्याला दोनशे-तीनशे पाउंड जास्त गेले तरी वर्षाचे ३,६०० च्या पुढे जात नाहीत, आणि ते दोन मुलांना पुरतात. वरच्या २१,६०० शी तुलना करा.

पुरावा म्हणून टेनन्सी अ‍ॅग्रीमेंट, काउन्सिल टॅक्सचं बिल मागतात. नातेवाईकाचा पत्ता टाकू नका, काउन्सिल तपासणी करतं आणि मिळालेली जागासुद्धा काढून घेतं.

स्टेप ५: शाळा प्रत्यक्ष बघा

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ओपन डे असतात, स्टेटचे आणि खासगीचे दोन्ही. दोन्ही प्रकारच्या निदान दोन-दोन शाळा बघा, मनातले बरेच समज तिथेच गळून पडतात.

जायच्या आधी रिपोर्ट वाचा. स्टेट शाळांची तपासणी ऑफस्टेड ही सरकारी संस्था करते. पूर्वी "आउटस्टँडिंग", "गुड" असा एका शब्दात शिक्का असायचा, सप्टेंबर २०२४ पासून स्टेट शाळांना तो बंद झाला आणि नोव्हेंबर २०२५ पासून रिपोर्ट कार्ड आलंय ज्यात हजेरी आणि वागणूक, शिकवणं, सगळ्यांना सामावून घेणं अशा वेगवेगळ्या गोष्टींना वेगळी श्रेणी मिळते. गेटवर "आउटस्टँडिंग" असा बॅनर दिसला तर तारीख बघा, त्या शाळांना बरीच वर्षं नियमित तपासणीतून सूट होती त्यामुळे काहींचा शिक्का फार जुना निघतो. खासगीत बऱ्याच शाळांची तपासणी आयएसआय नावाची वेगळी संस्था करते, तिथे आता "एक्सलंट" वगैरे न देता निकष पूर्ण झाले की नाही एवढंच सांगतात, म्हणून ब्रोशरवर मोठ्या अक्षरात "एक्सलंट" दिसलं तर तोही जुना निकाल आहे हे समजा.

वर्गातल्या मुलांची संख्या हा खासगीचा सगळ्यात मोठा मुद्दा. स्टेटमध्ये रिसेप्शन ते इयर २ मध्ये एका शिक्षकामागे ३० मुलांची कायद्याने मर्यादा आहे (थोडे अपवाद सोडून), आणि शक्यतो भरतातच तीस. प्रेपमध्ये साधारण १५ ते २०. फरक आहे, नाही असं नाही, शांत किंवा बुजऱ्या मुलाला तो जाणवतो. पण स्टेटमध्ये लहान वर्गांत शिक्षकाबरोबर बहुधा टीचिंग असिस्टंटही असते, तेव्हा "या वर्गात दिवसभर मोठी माणसं किती असतात" असं विचारा, नुसता पट विचारू नका.

वर्गात शिरल्यावर काय बघायचं? भिंतीवर मुलांचं स्वतःचं काम लागलंय का, की सगळं छापील. शिक्षिका मुलांशी कशी बोलते. एखादं मूल रडत असेल तर कोण धावतं. वाचन कसं शिकवतात, इथे सगळं फॉनिक्सवर (अक्षरांचे आवाज जोडून वाचणं) चालतं आणि इयर १ च्या शेवटी स्टेट शाळेत फॉनिक्सची छोटी चाचणी होते, इयर ४ ला पाढ्यांची, इयर ६ ला सॅट्स, म्हणजे प्रायमरीच्या शेवटच्या सरकारी परीक्षा. घरी पुस्तक रोज येतं का, मुलाचं वाचन शाळेत कोणी बसून ऐकतं का. मागच्या दोन वर्षांत किती शिक्षक सोडून गेले हे हसतमुखाने विचारा, उत्तर देताना हेडटीचर कसे बघतात त्यावरूनच पुष्कळ कळतं.

मुलाला इंग्रजी येत नाही ही चिंता घेऊन येत असाल तर ती बाजूला ठेवा. शाळांना याची सवय आहे, ईएएल (इंग्रजी ही घरची भाषा नसलेली मुलं) म्हणून अशा मुलांची नोंद असते आणि मदत देतात, चार-पाच वर्षांचं मूल खेळता खेळता काही महिन्यांत बोलायला लागतं. पहिले काही आठवडे गप्प राहील, ते स्वाभाविक आहे. घरी मात्र मराठीच बोला, शाळेतल्या शिक्षिकाही हेच सांगतात की घरची भाषा पक्की असली की दुसरी लवकर येते. कितीतरी घरांत घाईघाईने घरचं बोलणं इंग्रजीत सुरू होतं आणि मग आजीशी व्हिडिओ कॉलवर बोलायला मुलाकडे शब्दच उरत नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं. शनिवार-रविवारच्या मराठी शाळा बऱ्याच शहरांत आहेत, जवळची शोधून ठेवा.

मुलाला बोलायला उशीर, ऑटिझम, ऐकण्याची अडचण असं काही असेल तर दोन्हीकडे सेन्कोला (विशेष गरजांचं काम बघणाऱ्या शिक्षकाला) भेटल्याशिवाय निर्णय घेऊ नका. स्टेट शाळेवर अशा मुलांबाबत कायदेशीर जबाबदाऱ्या जास्त आहेत आणि काउन्सिलकडून ईएचसी प्लॅन मागता येतो. प्रेपमध्ये छोटा वर्ग मिळेल पण जास्तीची मदत बऱ्याचदा वेगळे पैसे घेऊन असते, आणि निवडक प्रवेशाच्या शाळेत पुढच्या टप्प्यावर "तुमच्या मुलाला दुसरी शाळा बरी" असंही ऐकावं लागू शकतं.

प्रेप बघत असाल तर आणखी दोन गोष्टी. इयर ६ किंवा ८ नंतर मुलं कुठे गेली याची पूर्ण यादी मागा, तीन वर्षांची, नुसती चमकणारी चार नावं नकोत. आणि शाळेची आर्थिक तब्येत बघा. व्हॅट आल्यानंतर, शिवाय एप्रिल २०२५ पासून चॅरिटी असलेल्या शाळांची बिझनेस रेट्समधली (व्यावसायिक जागेवरच्या करातली) सवलत गेल्यानंतर, काही छोट्या प्रेप बंद झाल्या किंवा दुसऱ्या शाळेत विलीन झाल्या. शाळा चॅरिटी असेल तर तिचे हिशोब चॅरिटी कमिशनच्या साइटवर फुकट बघता येतात, कंपनी असेल तर कंपनीज हाउसवर. पट घसरतोय, तोटा वाढतोय असं दिसलं तर कितीही गोड वाटली तरी दूर राहा, मधल्या वर्षात शाळा बंद पडणं लहान मुलाला फार अवघड जातं.

स्टेप ६: अकराव्या वर्षाचा विचार, पण थोडाच

आपल्या लोकांत बोलणं लगेच ग्रामर स्कूलवर जातं. इंग्लंडमध्ये १६३ ग्रामर स्कूल आहेत, सरकारी, फुकट, पण प्रवेश परीक्षेवर. केंट, बकिंगहॅमशायर, स्लाउ, सटन, बार्नेट, रेडिंग अशा ठरावीक भागांतच आहेत. परीक्षा बहुतेक इयर ६ च्या सुरुवातीला सप्टेंबरमध्ये होते. स्टेट प्रायमरी या परीक्षेची तयारी करून घेत नाही, ती घरी किंवा ट्यूशनने करावी लागते, आणि भरपूर मुलं स्टेट प्रायमरी अधिक इयर ४-५ पासूनची तयारी या मार्गानेच तिथे पोचतात. त्यासाठी चार वर्षांपासून प्रेपची फी भरायची गरज नाही.

प्रेपचा खरा उपयोग होतो तो जेव्हा तुम्हाला पुढेही खासगीतच ठेवायचंय. सातव्या वर्षी ७+ ही प्रवेश परीक्षा देऊन मोठ्या शाळेच्या ज्युनियरमध्ये, किंवा १३ व्या वर्षी प्रवेश देणाऱ्या बोर्डिंगमध्ये, ज्यांची प्री-टेस्ट इयर ६ मध्येच असते. हे सगळं १८ वर्षांपर्यंत झेपणार असेल तर ठीक. प्रायमरी प्रेपमध्ये आणि सेकंडरीला पैसे संपले म्हणून मिळेल ती स्टेट, यापेक्षा उलटा क्रम मला कधीही शहाणपणाचा वाटतो.

आणि चार वर्षांच्या मुलाची ४+ "असेसमेंट" घेणाऱ्या शाळा आहेत, त्यासाठी तीन वर्षांच्या पोराला क्लास लावणारेही पालक आहेत. नका करू. त्या वयात त्याला चिखलात खेळू दे.

स्टेप ७: रोजचा दिवस कसा जाणार

स्टेट प्रायमरी साधारण पावणेनऊ ते सव्वातीन. दोघं ऑफिसला जात असाल तर ब्रेकफास्ट क्लब आणि आफ्टर-स्कूल क्लब आहे का, किती वाजेपर्यंत, आणि वेटिंग लिस्ट किती, हे प्रवेशाच्या आधीच विचारा. संध्याकाळच्या एका सेशनचे १० ते २० पाउंड धरा. प्रेपमध्ये दिवस थोडा लांब असतो, खेळ-संगीत त्यातच येतं, ही मोठी सोय आहे. पण प्रेपच्या सुट्ट्याही लांब असतात, स्टेटची उन्हाळी सुट्टी सहा आठवडे तर त्यांची आठ-नऊ, तेवढ्या दिवसांच्या हॉलिडे कॅम्पचे पैसे पुन्हा तुमचेच.

भारतात जायचं असेल तर हा फरक फार महत्त्वाचा. स्टेट स्कूलमध्ये टर्म चालू असताना परवानगीशिवाय पाच शाळेचे दिवस बुडवले तर दंड येऊ शकतो, प्रत्येक मुलामागे प्रत्येक पालकाला ८० पाउंड, २१ दिवसांत नाही भरला तर १६०. दोघं पालक, दोन मुलं म्हणजे थेट ३२० पासून सुरुवात. भावाचं लग्न डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ठेवू नका म्हणून घरी आधीच सांगा! दिवाळीच्या एका दिवसासाठी मात्र धार्मिक कारणाने सुट्टी मागता येते, शाळेला आधी लेखी कळवा, बहुतेक ठिकाणी छान समजून घेतात, उलट वर्गात येऊन दिवाळीबद्दल सांगाल का म्हणून विचारतात.

जेवणात शाकाहारी पर्याय असतोच, बीफ नको हेही फॉर्मवर लिहिता येतं. डबा देणार असाल तर बहुतेक शाळांत नट्सना सक्त मनाई असते, आणि शेंगदाणेही त्यातच आले. म्हणजे दाण्याची चटणी, कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी, चिक्की, शेंगदाण्याचा लाडू, यातलं काहीच चालणार नाही. पोळीचा रोल, इडली, थालीपीठ, उपमा चालतं.

स्टेप ८: अर्ज

स्टेटचा अर्ज तुम्ही राहता त्या काउन्सिलकडे, ऑनलाइन, फुकट. लंडनमध्ये सहा शाळांपर्यंत नावं देता येतात, इतरत्र निदान तीन. आवडीच्या खऱ्या क्रमानेच लिहा, पहिलं नाव कोणतं टाकलं हे शाळांना जागा देताना धरता येत नाही, त्यामुळे "युक्ती" करायची गरज नाही. सगळ्या शाळा घट्ट मागणीच्या लिहू नका, एक तरी अशी लिहा जिथे अंतरावर नक्की मिळेल. पावती येईपर्यंत सबमिट झालं असं समजू नका. आणि स्टेट शाळेच्या नर्सरीत मूल असलं तरी रिसेप्शनसाठी वेगळा अर्ज करावाच लागतो, जागा आपोआप मिळत नाही, इथे दरवर्षी पालक फसतात.

निकाल १६ एप्रिलला. प्रेपचं वेळापत्रक शाळेशाळेचं वेगळं, काही पहिले येतील त्यांना घेतात, काही आदल्या वर्षीच्या हिवाळ्यात मुलांना बोलावून बघतात. त्यामुळे प्रेपची डिपॉझिट भरायची तारीख बऱ्याचदा १६ एप्रिलच्या आधी येते. त्यांना मुदत वाढवून मागा, नाही मिळाली तर किती पैसे बुडतील ते ठरवून मगच भरा.

वर्षाच्या मध्ये आला असाल तर इन-इयर अर्ज करायचा, काही ठिकाणी काउन्सिलकडे, काही ठिकाणी थेट शाळेकडे. १५ शाळेच्या दिवसांत उत्तर मिळायला हवं. जवळच्या सगळ्या भरलेल्या असतील तर काउन्सिल लांबची शाळा देतं, आणि आठ वर्षांखालच्या मुलाला जवळची योग्य शाळाच दोन मैलांपेक्षा लांब असेल तर जाण्या-येण्याची सोय काउन्सिलने फुकट करायची असते. रोज दोन बस बदलून जावं लागेल अशी जागा मिळाली, नोकऱ्या दोघांच्या, आणि शेजारीच एक छोटी प्रेप आहे जी एक-दोन टर्मसाठी परवडते, तर तो खासगीचा एक चांगला उपयोग आहे. फक्त स्टेटच्या वेटिंग लिस्टवरून नाव काढू नका.

मिळालेली शाळा आवडली नाही तरी ती नाकारू नका. स्वीकारा, आणि वरच्या पसंतीच्या शाळांच्या वेटिंग लिस्टवर नाव ठेवा, स्वीकारल्याने तिथला नंबर खाली जात नाही. यादी नंतरही प्रवेशाच्या त्याच क्रमाने लागते, तुमच्यानंतर कोणी जवळ राहायला आलं तर ते वर जातात, पण जून ते सप्टेंबरमध्ये लोक शहर बदलतात, काही जण प्रेपला जातात आणि जागा हलतात. शाळेला ही यादी निदान ३१ डिसेंबरपर्यंत ठेवावी लागते, त्यानंतर चालू राहणार आहे का आणि नाव पुन्हा नोंदवावं लागतं का, हे डिसेंबरच्या सुरुवातीलाच शाळेच्या ऑफिसमध्ये फोन करून विचारून घ्या.